वाकड्या कडेची डबी

९ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला कुरिअर आलं. सही केली, पाकीट फोडलं आणि पहिल्याच नजरेत माल नापास केला. डबी वाकडी आहे.

गेलं दीड वर्ष मी ऑनलाइन नाणी घेतो आहे. दुर्मीळ वगैरे नाहीत, साधीच. टाकसाळीने कोट्यवधींनी पाडलेली, आमच्या लहानपणी कुणाच्याही खिशात खुळखुळायची तसली. पण त्यातलं एखादं असं निघतं की ते कुठल्याच खिशात गेलेलं नसतं, त्याला कुणाचा अंगठा लागलेला नसतो. असं नाणं तज्ज्ञांची कंपनी तपासते, सत्तरपैकी गुण देते आणि लेबलासकट पारदर्शक डबीत कायमचं बंद करते. पासष्ट गुणांचं नाणं एका वेळच्या बाहेरच्या जेवणाच्या किमतीत मिळतं. तेच सदुसष्टचं असलं की महिन्याचा किराणा जातो. मधल्या दोन गुणांत काय असतं? केसाएवढा एखादा ओरखडा. चौतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात घालवलेल्या माणसाला यात गोडी वाटली नसती तरच नवल. तिथे मला सगळे रिजेक्टसाहेब म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण मला ऐकू यायचं.

आधी मी डबीत नसलेली, सुटी नाणी घ्यायचो आणि दर्जा स्वतः ठरवायचो. हल्ली ते सोडलं. सुट्या नाण्यांवरचे ओरखडे आताशा नीट कळत नाहीत, खोलीतला दिवा मंद आहे. डबीतल्या नाण्याचं बरं असतं, दुसऱ्या कुणीतरी बघून ठेवलेलं असतं.

आजचं नाणं जहाजाच्या छापाचं, सदुसष्ट गुणांचं. नेहमीप्रमाणे डाव्या डोळ्याला भिंग लावलं, उजवा मिटला. डबीची वरची कड मधोमध आत गेलेली आहे आणि लेबलाची चौकटही तिथेच लचकली आहे. याचा अर्थ एकच. कुणीतरी डबी गरम करून उघडली, चांगलं नाणं काढून हलकं घातलं आणि परत चिकटवली. असे उद्योग करणारे लोक असतात हे मी वाचलेलं आहे. नाण्याची खरी किंमत हिला अजून सांगितलेली नाही.

११ फेब्रुवारी

विकणाऱ्या बाईंना मेसेज केला. त्या घरूनच हा धंदा करतात. त्यांचं उत्तर आलं: "काका, लेबलावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. फोटो जुळेल. तरी मन मानत नसेल तर परत पाठवा, पूर्ण पैसे देते."

नंबर टाकला. फोटो जुळला, जहाजाच्या शिडाखालचा तपकिरी ठिपकासुद्धा. पण नंबर काय, कुणीही छापेल, आणि फोटो बघून ठिपकाही पाडता येईल. एवढ्या सहज पैसे परत द्यायला कोण तयार होतं? ज्याच्या मनात पाप असतं तोच.

मग कपाटातल्या बाकीच्या डब्या काढल्या. आधीच्या दहा, तीन वेगवेगळ्या लोकांकडून घेतलेल्या. एकेक भिंगाखाली धरली. दहाच्या दहा वाकड्या, तीही त्याच जागी. म्हणजे ही एका माणसाची करामत नाही. टोळी आहे आणि मी त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे. डब्या तशाच टेबलावर टाकून खाटेवर आडवा झालो. हिने विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, पित्त झालंय.

१४ फेब्रुवारी

संग्राहकांच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं, बाईंच्या दुकानाचं नाव घालून. शेवटी लिहिलं, 'चौतीस वर्षं सरळ-वाकडं बघण्यातच गेली आहेत, माझी नजर चुकत नाही.' संध्याकाळपर्यंत साठ जणांनी आभार मानले.

१७ फेब्रुवारी

बाईंनी नवा फोटो पाठवला. मी कुरिअरने परत पाठवलेल्या डबीच्या कडेला पोलादी पट्टी लावून काढलेला. पट्टी आणि कड यांच्यात फट नाही. मी फोटो मोठा करून भिंगातून पाहिला. डबीही वाकडी आणि पट्टीही वाकडी! फोटोत फेरफार करताना बाईंना एवढंही कळलं नाही. हसू आलं.

खात्रीसाठी माझी स्वतःची पट्टी काढली. निवृत्तीच्या दिवशी स्टोअरवाल्याने हळूच खिशात सरकवलेली. या घरात सरळ अशी एकच वस्तू आहे, ती. भिंगाखाली धरली आणि डोकंच फिरलं. मधोमध पोक आलेला.

"माझ्या पट्टीने डबे उघडलेस ना तू?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"मी कशाला उघडू? चमचे मेलेत का घरातले?"

"मग वाकली कशी ही?"

हिने हात पुसले, पट्टी घेतली, खिडकीशी जाऊन डोळ्यांसमोर आडवी धरली, मग उभी. "अहो, सरळ तर आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय." मग तिने पट्टीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. नंतर म्हणाली, "चहा टाकू?"

हिच्या डोळ्यांचा नंबर वाढलेला दिसतो. इतकं उघड वाकडं दिसू नये म्हणजे कमाल आहे. तपासून घे म्हणून चार शब्द सुनावले.

१८ फेब्रुवारी

भिंग न लावता, दोन्ही डोळ्यांनी पाहिली तर पट्टी सरळ दिसते. म्हणजे दोष भिंगात आहे. बावीस वर्षं वापरलं, काच झिजली असणार. नवं मागवलं. जीव भांड्यात पडला.

२४ फेब्रुवारी

नवं भिंग आलं. वाकडंच दिसतं.

हल्ली काचाही धड बनवत नाहीत. दुपारी जेवलो नाही, भूक नव्हती.

२५ फेब्रुवारी

सकाळी बाईंचा फोन आला. आवाज तरुण आणि तापलेला.

"काका, तुमच्या त्या एका पोस्टमुळे चार ऑर्डरी गेल्या माझ्या. नऊ वर्षांत एकाने बोट दाखवलं नव्हतं. मी तुमचं काय घोडं मारलंय?"

"डबी वाकडी होती, बाई. आणि तुमचीच नाही, माझ्याकडच्या सगळ्याच वाकड्या आहेत. फोटोतली तुमची पट्टीसुद्धा."

"पट्टीसुद्धा?"

"माझी पट्टीदेखील भिंगाखाली वाकडी दिसते. नवं भिंग आणलं, त्यातही तेच. आता बोला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "काका, भिंग कुठल्या डोळ्याला लावता?"

"डाव्या. नेहमीच."

"एकदा उजव्याला लावून बघाल? माझ्या सासऱ्यांना असंच झालं होतं. दाराची चौकट वाकली म्हणून सुताराला बोलावून बसले होते. तुम्ही आधी बघा, आपण भांडू नंतर."

मी फोन ठेवून दिला. विषय डबीचा होता. या बाईने तो कुठल्या कुठे नेला.

१ मार्च

उजव्या डोळ्याला भिंग लावलेलं नाही. का लावायचं? कुणी काही सांगेल. भिंग टेबलाच्या खणात ठेवलंय आणि त्या टेबलाकडे मी जात नाही.

५ मार्च

लावलं.

ही भाजी आणायला गेली होती. पट्टी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि डावा मिटला. पट्टी सरळ होती. दोरी ताणून धरावी इतकी सरळ. मग भिंग डाव्याला लावलं. मधोमध पोक, आणि पोकाच्या पोटात मिलिमीटरच्या तीन रेघा गायब.

तिथेच जमिनीवर बसलो. नव्याने लागलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेत असे: सगळा माल एकाच जागी नापास व्हायला लागला तर मालाला हात लावू नका, आधी हातातलं माप तपासा. शेकडो पोरांना सांगितलं असेल. आणि मी स्वतः अकरा डब्या, एक पट्टी, दोन भिंगं आणि बायकोचे डोळे नापास करून मोकळा झालो.

ही आल्यावर हिला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

७ मार्च

मी दाढी करत असताना बाईंचा फोन आला होता म्हणे. हिने घेतला.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही. तुमची चौकशी करत होत्या."

पंधरा मिनिटं चौकशी? नाण्यांच्या किमती सांगितल्या असणार. दिवसभर हिच्या बोलण्यावर लक्ष ठेवलं, पण पैशाचा विषय निघाला नाही. उलट जरा जास्तच गोड बोलते आहे. त्याचीच भीती वाटते.

९ मार्च

विचार करून ठरवलं की घाबरायचं कारण नाही. नाणं बघायला एक डोळा पुरतो. उजवा ठणठणीत आहे, भिंग यापुढे त्यालाच लावायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी शोधून काढतातच. गेलं नाही तर निदान ते काहीतरी असल्याचं कळत नाही.

हिने जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली आहे. कशाला, तर म्हणे तिचा पाय अडखळतो. आणि चहाचे काळे मग जाऊन पांढरे आले. या वयात हिला घर सजवायची हौस सुटली आहे.

१५ मार्च

आज जे केलं ते करायला नको होतं.

ही समोर बसून वाटाणे सोलत होती. मी उजवा डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. केस दिसले, कान दिसले, गळ्यातली माळ दिसली, मांडीवरची परात दिसली. चेहऱ्याच्या जागी राखाडी धूर होता. एकोणचाळीस वर्षांचा चेहरा, आणि तिथे काहीच नाही. डोळा इकडे हलवला की धूरही इकडे, तिकडे हलवला की तिकडे. मी तिच्या कानाकडे पाहिलं तेव्हा कान गेला आणि नाकाचा एक कोपरा आला.

"काय बघताय एवढं?" त्या धुरातून आवाज आला.

"काही नाही."

"मग बघा," ती म्हणाली, आणि वाटाणे सोलायची थांबली. बसून राहिली तशीच, फोटो काढून घ्यायला बसतात तशी.

मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. मरायची कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटते. उद्या दुसराही असाच झाला तर मी काय करणार? मला बघण्यापलीकडे दुसरं काही येत नाही.

१८ मार्च

ही म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना माझा नंबर वाढलाय म्हणून? परवा अकराची वेळ घेतलीय डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मला एकटीने जायला भीती वाटते. येता का?"

हो म्हणालो. बाहेर बसायला काय जातंय. वर्तमानपत्र घेऊन जाईन.

२० मार्च

खिडकीवरच्या मुलीने नाव पुकारलं ते माझं. मी म्हटलं, चूक झाली, पेशंट ही आहे. मुलीने कागद पाहिला. "नाही, तुमच्याच नावावर आहे. बारा दिवसांपूर्वी घेतलीय वेळ." मी हिच्याकडे वळलो. ही पर्स घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"उठा," ती म्हणाली. "ओरडायचं ते घरी गेल्यावर ओरडा."

ओरडायचं त्राण होतं कुठे? उठलो.

डॉक्टर बाई आहेत, बोलणं मोजकं. थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, पडद्याचे फोटो काढले. डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर पाणी साठलंय आणि थोडं रक्तही. तिथे पडदा उचलला जातो म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, दर महिन्याला. डोळ्यात! हे ऐकताना मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

"रेघ वाकडी कधीपासून दिसते?"

"आठेक दिवस झाले असतील."

"अहो," ही मागून म्हणाली. "खरं सांगा."

"नऊ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. एकोणचाळीस दिवस. मी विचारलं, "तेव्हाच आलो असतो तर?" त्यांनी पेन बंद केलं. "आता पुढचं बघू. पाणी ओसरेल, पण मध्यभागी जो व्रण झालाय तो राहणार. उजव्यात अजून पाणी नाही, पण सुरुवातीच्या खुणा त्यातही आहेत. तो जपायचा." त्यांनी चौकोनांची जाळी छापलेला एक कागद दिला. रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचा. एक जरी रेघ वाकली तरी त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

टॅक्सीत हिला विचारलं, "नाणेवाल्या बाईंनी सांगितलं ना तुला?"

"त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं काय असेल ते. काहीतरी झालंय हे पट्टीच्या दिवशीच कळलं होतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेव्हाच हाताला धरून न्यायला हवं होतं मी. तुमच्या रागाला घाबरले."

तीही घाबरली होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२२ मार्च

पहिलं इंजेक्शन झालं. सुई दिसत नाही, फक्त दाब जाणवतो, असं सगळे सांगत होते. खरं आहे. पण सुईची वाट बघत छताकडे डोळा उघडा ठेवायचा असतो, त्याबद्दल कुणी काही सांगत नाही. नंतर डोळ्यात काळे बुडबुडे तरंगत होते. नर्सने ते दोन दिवसांत जातील म्हणून सांगितलं होतं, तरी दर दहा मिनिटांनी मोजत होतो.

२४ मार्च

ग्रुपवर लिहिलं: 'जहाजवाल्या नाण्याची डबी सरळ होती. माझ्याकडच्या सगळ्या डब्या सरळ आहेत. दोष माझ्या डाव्या डोळ्यात आहे. बाईंची मी जाहीर माफी मागतो. ज्यांनी माझ्या शब्दावर त्यांची ऑर्डर रद्द केली त्यांनी परत द्यावी.' कामावर असताना पास म्हणून सही केलेलं कधी मागे घ्यावं लागलं नव्हतं, नापास केलेलंही नाही. पाठवायचं बटण दाबायला अर्धा तास लागला.

या वेळी आभार मानणारे सहाच निघाले.

२ एप्रिल

बाईंना फोन केला. आधी दोघेही खोकलो.

"काका, डोळा कसाय?"

"धूर आहे. पण जरा पातळ झाल्यासारखा वाटतो. बाई, मला माझ्याकडच्या दहा डब्या विकायच्या आहेत. इंजेक्शनं बरीच घ्यावी लागणार. काय येईल ते खरं सांगा."

त्यांनी यादी मागितली, दुपारी परत फोन केला. एकेक नाणं घेतलं. कोण किती मागतोय ते सोडून द्यायचं, गेल्या सहा महिन्यांत तसलं नाणं खरोखर कितीला विकलं गेलंय तेवढंच बघायचं, ही त्यांची पद्धत. सात नाणी जेवढ्याला घेतली साधारण तेवढ्याची निघाली. दोनांत थोडी खोट. शेवटचं कणसाच्या छापाचं, अडुसष्ट गुणांचं, माझं सगळ्यात महागडं, दुसऱ्या एकाकडून घेतलेलं.

"हे कशाला घेतलंत एवढ्याला?"

"त्या गुणांची जगात चारच आहेत. कंपनीच्या यादीत आकडा आहे."

"चारच आहेत, कारण पाचवं कुणी पाठवलंच नाही काका. तपासायची फी नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. लोकांच्या घरी पेट्या भरून पडलीत तसली. चार हा आकडा तपासलेल्यांचा, असलेल्यांचा नव्हे." मग सावकाश म्हणाल्या, "चौथा हिस्सा येईल."

दोष सापडला नाही आणि दोष बघितलाच नाही, यातला फरक मला शिकवायची पाळी दुसऱ्या कुणावर यावी!

फोन ठेवल्यावर हिला सगळ्या किमती सांगितल्या, कणसाच्या नाण्याचीसुद्धा. तिने कपाळाला हात लावला. नंतर म्हणाली, "हे एवढं लपवायला इतकं घाबरत होतात?" आणि मग मात्र चांगली तासभर बोलली.

११ एप्रिल

दवाखान्यातून लिहितो आहे. वही पिशवीत होती.

सकाळी सात वाजता जाळीचा कागद खिडकीशी लावला. डावा डोळा आधी, तिथे धूर, नेहमीचा. मग डावा झाकून उजवा. वरून तिसरी रेघ, उजव्या कोपऱ्याकडे. किंचित. पाण्यात बोट बुडवल्यावर हलते तेवढीच.

कागदाला घडी पडली असेल, हे मनात आलंच. झोपेचा डोळा असेल, हेही आलं. कपाटात दुसरा कोरा कागद होता, तो काढून बघावा असं फार वाटलं. ही न्हाणीघरात होती. मी जाऊन दारावर थापा मारल्या.

नळ बंद झाला. "काय झालं?"

"उजव्यात," मी म्हणालो. "उजव्यातही वाकलंय."

"कधीपासून?"

"आत्ता. आत्ता पाहिलं."

ती बाहेर आली ती ओल्या केसांनीच, साडी कशीबशी गुंडाळलेली. केस पुसायलाही थांबली नाही. टॅक्सीत तिच्या केसांचं पाणी माझ्या खांद्यावर गळत होतं आणि मी उजवा डोळा उघडा ठेवून तिच्याकडे बघत होतो, सबंध चेहरा, नाक, हनुवटीवरचा तीळ, सगळं. तिने या वेळी विचारलं नाही काय बघताय म्हणून.

आमच्या आधी अजून तीन जण आहेत. मला फार भीती वाटते आहे. हे मी मघाशी हिला मोठ्याने सांगितलं, शेजारच्या माणसानेही ऐकलं. वही मांडीवरून सारखी घसरते, अक्षर खाली उतरतं आहे, कारण डावा हात हिने धरून ठेवलाय आणि तो मला सोडवून घ्यायचा नाही.